वाटतं ते नको, बरोबर काय ते सांगा

लोकअदालतीचा शनिवार म्हणजे आमच्या कोर्टात जत्राच असते. व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या, विमा कंपनीचे पॅनलवरचे वकील काखेत वीस-वीस फायली घेऊन फिरतायत, चहावाला पोऱ्या "सरका सरका" करत मधूनच घुसतोय, आणि कोपऱ्यात बायका डबे सोडून बसलेल्या. मी मोटार अपघाताचे दावे चालवते, बारा-तेरा वर्षं झाली. मागच्या वेळच्या लोकअदालतीत माझं एक मॅटर मिटलं. टू-व्हीलरवरचा तरुण मुलगा, तीस वर्षांचा, टेम्पोनं उडवला. मागं बायको, दोन लहान पोरं आणि आई. आकडा ठरला, आता तडजोड पुरसीस, म्हणजे तडजोडीचा कोर्टात द्यायचा कागद, लिहायची होती आणि त्यात कोणाला किती ते लिहावं लागतं. पोरांच्या वाट्याची एफडी होते ती सज्ञान होईपर्यंत, त्यात फारसं डोकं लावायचं नसतं. प्रश्न राहतो बायको आणि आईचा.

मी सवयीनं म्हणाले, साधारण बायकोला जास्त आणि आईला थोडं कमी असं लिहितात, साहेब मंजूर करतात. ती बाई, म्हणजे त्या मुलाची बायको, म्हणाली, "ते साहेब करतील हो मंजूर. पण बरोबर किती व्हईल?" मी म्हणाले मला असं वाटतं की... तर तिनं मला मधेच तोडलं. "मॅडम, तुमाला काय वाटतं ते नाय इचारत मी. बरोबर काय हाय ते इचारतीय."

मी पेन हातात धरून बसून राहिले. लॉ कॉलेजात ज्युरिसप्रूडन्स, म्हणजे कायद्याचं तत्त्वज्ञान, नावाचा पेपर मी पासिंगपुरता वाचलेला, त्यात कुठंतरी होतं की कायदा वेगळा आणि नीती वेगळी, पण कायदा बाजूला ठेवून नुसतं "बरोबर किती" असं मला आजवर एकाही पक्षकारानं विचारलं नव्हतं. सगळे विचारतात किती मिळेल.

तर हा ब्लॉग त्या बाईवर नाहीये, म्हणजे आहेही. त्याच सुमारास माझ्या भाच्यानं मला एक पीडीएफ पाठवली होती, तो लॉ करतोय आणि त्याला फिलॉसॉफीचं नवीन नवीन वेड लागलंय, दर आठवड्याला कोणीतरी एक ग्रेट माणूस सापडतो त्याला. या वेळचा होता डेव्हिड इनॉक. इस्रायली माणूस, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतून पीएचडी, वर्षानुवर्षं जेरुसलेमच्या हिब्रू युनिव्हर्सिटीत कायदा आणि तत्त्वज्ञान दोन्ही शिकवायचा, आता ऑक्सफर्डला कायद्याच्या तत्त्वज्ञानाचा प्रोफेसर आहे. म्हणजे वकिलीची भाषा कळणारा फिलॉसॉफर, म्हणून म्हणलं बघू तरी. त्या रात्री वाचायला घेतलं आणि मग पुढचे दोन महिने माझं तेच चाललं होतं, नवरा म्हणाला आता तुला चष्म्याचा नंबर बदलावा लागणार.

त्याचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, अमुक एक गोष्ट चूक आहे हे आपल्या वाटण्यावर अवलंबून नसतं. सगळ्या गावाला, सगळ्या देशाला, सगळ्या शतकाला ती बरोबर वाटली तरी ती चूकच असू शकते, जशी पृथ्वी सगळ्यांना सपाट वाटली तरी गोलच होती. याला मॉरल रिअलिझम म्हणतात, पाठ्यपुस्तकी मराठीत नैतिक वास्तववाद. आणि इनॉकचा रिअलिझम एकदम कडक आहे, तो म्हणतो ही नैतिक सत्यं ना निसर्गातल्या वस्तू आहेत ना माणसांनी आपसात केलेले करार, ती आहेत ती आहेत. २०११ साली त्यानं यावर आख्खं पुस्तक लिहिलं, पुस्तकाच्या नावाचाच अर्थ होतो नीतीला गंभीरपणे घेणं.

आता हे ऐकायला आपल्या आजोबांसारखं वाटतं, "खरं ते खरं, खोटं ते खोटं". आणि आपण शिकलेली माणसं तर बरोब्बर उलटं बोलतो. ज्याचं त्याचं मत. हे माझं वैयक्तिक मत आहे, कोणाला दुखवायचा हेतू नाही. आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर दर भांडणाच्या शेवटी कोणीतरी हे टाकतंच आणि वर हात जोडलेला इमोजी. मीही टाकलंय. पूर्वी मला ते समजूतदारपणाचं वाटायचं.

इनॉकचा एक लेख आहे, नवख्या लोकांसाठी लिहिलेला, त्यात तो म्हणतो मी नीतीच्या बाबतीत वस्तुनिष्ठवादी आहे आणि खरं तर तुम्हीपण आहात, तुम्हाला माहीत नाही इतकंच. त्यात तो एका जोकवरून सुरू करतो. त्याच्या जोकमध्ये पालक आहे पण आमच्या घरी पालक आवडीनं खातात त्यामुळं मी कारलं घेते. पोरगं म्हणतं, "बरं झालं मला कारलं आवडत नाही! आवडत असतं तर मी खाल्लं असतं, आणि कारलं किती घाण लागतं!" आपण हसतो. का हसतो? कारण कारल्याचा घाणपणा त्याच्या न आवडण्यातच आहे, आवडलं असतं तर घाण लागलंच नसतं, मग बरं कसलं झालं. आता दुसरं वाक्य घ्या. "बरं झालं मी हजार वर्षांपूर्वी जन्मले नाही, नाहीतर मला सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असं वाटलं असतं." यात जोक नाही, सरळ वाक्य आहे, कारण माझं मत काही का असेना सूर्याला फरक पडत नाही.

आणि आता तिसरं, हे माझं. "बरं झालं मी १८९० साली पुण्यात जन्मले नाही, नाहीतर मला दहा-अकरा वर्षांच्या मुलीला नवऱ्याकडं पाठवणं योग्य वाटलं असतं." हसू आलं? मला नाही आलं. अंगावर काटा आला. म्हणजे माझ्याच डोक्यात ही गोष्ट कारल्याच्या खान्यात नाहीये, सूर्याच्या खान्यात आहे. मी तोंडानं ज्याचं त्याचं मत म्हणत होते आणि आतून कधीच तसं मानत नव्हते.

ज्यांना संदर्भ लागला नसेल त्यांच्यासाठी, १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं शरीरसंबंधासाठीचं मुलीचं किमान वय दहावरून बारा केलं, फक्त बारा, आणि त्यावरून पुण्यामुंबईत रान पेटलं होतं. त्याच्याकडं परत येते मी, राजकारणाच्या भागात लागणार आहे.

भाच्याला फोन करून म्हणलं पटलं मला, तर तो म्हणे मावशी थांब, हा फक्त तुझ्या भाषेचा पुरावा झाला, तू तशी बोलतेस म्हणून जगात तशी सत्यं आहेत कशावरून? तसं तर लोक भुताबद्दलपण मनापासून बोलतात. बरोबर होतं त्याचं, कार्टं हुशार आहे. इनॉकलाही हे माहितीय, म्हणून पुस्तकात तो दोन वेगळे मुद्दे लावतो.

पहिला भांडणाचा आहे. समजा तुम्हा-मला दुपार एकत्र घालवायचीय, मला सिनेमा बघायचाय, तुम्हाला टेनिस खेळायचंय. यात मी हट्टाला पेटणं बरं दिसत नाही, टॉस करू, या वेळी तुमचं पुढच्या वेळी माझं. नुसत्या आवडीनिवडीच्या भांडणात दोन्ही बाजू सारख्या, कारण माझी आवड फक्त माझी आहे म्हणून तिला जादा वजन मिळत नाही. पण आता समजा समोर बॉम्ब आहे आणि कुठली वायर कापायची यावर वाद आहे, मला खात्री आहे की तुमची वायर कापली तर उडणार. तिथं टॉस करणारा माणूस येडा. तिथं मी अडून बसलंच पाहिजे. मग नीतीचं भांडण यातलं कुठलं? समजा घरकाम करणाऱ्या मुलीला शिळं वाढायचं की ताजं यावर नवराबायकोचा वाद आहे. कोणी म्हणेल का की चल टॉस करू, सोमवारी तुझं मंगळवारी माझं? नाही म्हणणार. आणि जर नीती म्हणजे नुसती आपापली आवडच असती, तर इथं अडून बसणारी बाई सिनेमासाठी हटून बसलेल्या माणसाइतकीच हेकट ठरली असती. ती तशी ठरत नाही. म्हणजे "सगळं वाटण्यावर आहे" हे थिअरीपुरतं राहत नाही, ते मानलं की आपण भांडायचं कसं इथपर्यंत चुकीचं उत्तर येतं. मला हा मुद्दा भारी वाटला कारण मी भांडणावरच पोट भरते.

दुसरा मुद्दा जास्त खोल आहे आणि तो मला त्या बाईमुळं कळला, पुस्तकामुळं नाही. शास्त्रज्ञ इलेक्ट्रॉन का मानतात, दिसत तर नाही, तर त्याच्याशिवाय खुलासाच होत नाही म्हणून. आकडे का मानतात, तेच कारण. इनॉक म्हणतो ठीक आहे, खुलासा करणं हे माणसाचं टाळता न येणारं काम आहे, पण विचार करून ठरवणं, काय करू काय नको याची उलघाल, हे काम तर त्याहून टाळता न येणारं आहे. आणि ज्या वेळी आपण खरोखर असं ठरवत असतो त्या वेळी आपण उत्तर शोधत असतो, बनवत नसतो. हॉटेलात पंख्याखालचं टेबल घेऊ की खिडकीशी यात शोधण्यासारखं काही नसतं, उचललं आणि बसलो. पण सासूला किती द्यायचं हे ठरवताना ती बाई उत्तर आहे असं धरूनच विचार करत होती, नाहीतर तिला माझं "मला वाटतं" पुरलं असतं. जे ठरवण्याच्या कामात धरल्याशिवाय गत्यंतर नाही, ते आहे असं मानायचा आपल्याला तितकाच हक्क आहे जितका शास्त्रज्ञाला इलेक्ट्रॉन मानायचा. मला वाटतं (हो, वाटतंच) यात एक फट आहे, गरज आहे म्हणून गोष्ट अस्तित्वात येत नाही, तहान लागली म्हणून विहीर खणली जात नाही. त्यावर त्याचं उत्तर आहे की मग इलेक्ट्रॉनच्या बाबतीत तरी खुलाशाची गरज पुरते कशी? इथं माझी गाडी अडते ती अजून अडलेलीच आहे.

उत्क्रांतीवाल्यांचा आक्षेपपण तो घेतो, की आपल्या नीतीच्या कल्पना जगण्याच्या शर्यतीत घडल्या, त्या सत्याशी जुळाव्यात हा योगायोग कसा. त्याचं उत्तर असं की जगणं ही सर्वसाधारणपणे चांगली गोष्ट आहे, उत्क्रांती आपल्याला त्या दिशेनं ढकलत होती, त्यामुळं आपल्या समजुती अंदाजे बरोबर बाजूला पडल्या. मला हे जरा जमवून आणल्यासारखं वाटलं. तो स्वतःच कबूल करतो की थोडं नशीब यात उरतंच, ते मला आवडलं, वकील असं कधी कबूल करत नाहीत.

एक गंमत सांगते आणि कायद्याकडं वळते. काही तत्त्वज्ञ म्हणतात नीती कुठं बाहेर शोधायची गरज नाही, माणूस कर्ता आहे यातच ती आलेली आहे, कर्ता असाल तर अमुक नियम लागूच. यावर इनॉकनं २००६ मध्ये एक लेख लिहिला त्याचं शीर्षकच एजन्सी-श्मेजन्सी. म्हणजे आपल्याकडं कसं, चहा-बिहा, लग्न-बिग्न, तसं कर्तेपण-बिर्तेपण. मला नाही व्हायचं कर्ता, मी बिर्ता होतो, बिर्त्याला तुमचे नियम नाहीत, बोला आता? इंग्रजी वाचणाऱ्याला ही थट्टा समजावून सांगावी लागत असेल, मराठी माणसाला नुसतं नाव वाचून कळते.

तर कायदा. मला वाटलं होतं हा नीतीवाला माणूस आहे म्हणजे कायदा म्हणजे नीतीच वगैरे म्हणणार, पण नाही. त्याचं म्हणणं जमिनीवरचं आहे. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं दुधाचा भाव वाढवला तर त्यानं तुम्हाला दूध कमी घ्यायचं कारण दिलं. पण त्यानं काही हवेतून नवीन कारण निर्माण नाही केलं, पैसे जपून वापरावेत हे कारण तुमच्यापाशी आधीच होतं, त्यानं परिस्थिती बदलून ते जागं केलं. कायदापण हेच करतो असं तो म्हणतो. डाव्या बाजूनं गाडी चालवा हा नियम झाल्यावर डावीकडून चालवायचं कारण तयार होतं ते कायद्याच्या जादूनं नाही, दुसऱ्याला मारू नये हे आधीपासूनच खरं होतं आणि आता सगळे डावीकडून येणार आहेत म्हणून. रॉंग साइडनं येऊन मेलेल्यांच्या फायली मी रोज बघते, मला हे लगेच पटलं. आणि मग "कायदा म्हणजे मुळात काय" या शंभर वर्षांच्या वादाबद्दल त्यानं एक लेखच लिहिलाय की हा विषय खरंच इंटरेस्टिंग आहे का? त्याचं उत्तर साधारण असं की, फारसा नाही. ज्युरिसप्रूडन्सला पंचेचाळीस मार्क पडलेल्या बाईला यापेक्षा गोड बातमी काय असणार.

पण माझ्या धंद्याला सगळ्यात चिकटलेलं काम आहे ते आकडेवारीच्या पुराव्यावरचं, २०१२ मध्ये त्यानं लेव्ही स्पेक्टर आणि टालिया फिशर या दोघांबरोबर केलेलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९४५ चा निकाल आहे, रात्री एका बाईची गाडी एका बसनं रस्त्याकडेला घातली, बस कोणाची ते दिसलं नाही, पण त्या रस्त्यावर परवाना एकाच कंपनीला होता. कोर्ट म्हणालं एवढ्यावरून नाही धरता येणार. तत्त्वज्ञांनी त्याचं सोपं कोडं केलं, गावात ऐंशी टक्के बसेस एका कंपनीच्या, निळ्या रंगाच्या, धडक देणारी कुठली माहीत नाही, मग ऐंशी टक्के शक्यतेवर त्या कंपनीला का धरायचं नाही? आणि समजा एक साक्षीदार आहे जो म्हणतो मी पाहिली निळी बस, आणि असे साक्षीदार शंभरात ऐंशी वेळा बरोबर निघतात, तर त्याच्या शब्दावर मात्र आपण धरतो. आकडा तोच, ऐंशी. मग फरक काय?

फरक असा की बस दुसऱ्या कंपनीची असती तर साक्षीदारानं बहुतेक वेगळं सांगितलं असतं. आकडेवारी मात्र बस कोणाचीही असली तरी ढिम्म ऐंशीच राहिली असती. इथपर्यंत बरेच जण येतात आणि म्हणतात म्हणजे साक्षीदारामुळं आपल्याला "ज्ञान" होतं, कायद्याला ज्ञान हवं. इनॉकची मंडळी म्हणतात एक मिनिट, कोर्टाला ज्ञानाशी काय करायचंय? जास्त चुकणारी पण ज्ञान देणारी यंत्रणा चांगली की कमी चुकणारी? निरपराध माणसाला आत टाकून वर आमची पद्धत ज्ञानाची होती म्हणून सांगायचं का त्याला? खरं कारण ते वेगळं सांगतात. जर मला माझ्या वागण्यावरून नाही तर मी कुठल्या गटात मोडते यावरून धरणार असाल, तर मी नीट वागायचं कशाला? ऐंशी टक्केवाल्या कंपनीचा ड्रायव्हर जपून चालवो नाहीतर झिंगून चालवो, भरायचे तर आहेतच. पुरावा माझ्या कृत्याबरोबर हलत नसेल तर कायद्याचा धाकही माझ्या कृत्यापर्यंत पोचत नाही.

हे वाचून मी आमच्या ट्रिब्युनलकडं नव्यानं बघायला लागले. आमच्याकडं चूक कोणाची हे ठरवताना एफआयआर, पंचनामा, साक्षीदार, सगळं त्या एका अपघाताचं लागतं. पण एकदा चूक ठरली की पुढं रक्कम काढताना शुद्ध आकडेवारी. सुप्रीम कोर्टाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातला तक्ता आम्हाला पाढ्यासारखा पाठ, तीस वर्षांचा माणूस तर गुणक (वर्षाच्या कमाईला गुणायचा आकडा) सतरा, अवलंबून चार जण तर तो स्वतःवर पाव हिस्सा खर्च करायचा असं धरायचं. तो खरंच पाव खर्च करायचा का, सगळा दारूत घालवायचा का, का स्वतःला चप्पलसुद्धा घ्यायचा नाही, कोणी विचारत नाही. आणि इथं कोणाला अन्यायही वाटत नाही, कारण या आकड्यातून कोणाच्या वागण्याला धाक घालायचा नसतो. गाडी सापडलीच नाही, हिट अँड रन, तर कोणा कंपनीवर टक्केवारीनं ढकलत नाहीत, त्यासाठी वेगळी योजनाच आहे, २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार. रक्कम तुटपुंजी आहे हे सांगायला नको, पण रचना बघा, कोड्यातली ऐंशी टक्क्यांची बस आमच्याकडं आली असती तर निकाल विरुद्ध कोणाच्याच गेला नसता आणि बाईला थोडे तरी पैसे मिळाले असते. हे कोणी इनॉक वाचून केलेलं नाही. पण बसतंय बरोबर.

आता राजकारण. इथं माझं आणि त्याचं थोडं वाजलं.

जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञापासून एक मोठा विचार चालत आलाय की सरकार जबरदस्ती करतं, टॅक्स घेतं, तुरुंगात टाकतं, म्हणून त्याची कारणं अशी हवीत जी सगळ्या समंजस नागरिकांना आपापल्या धर्म-पंथातून मान्य होऊ शकतील. नुसतं "हे खरं आहे म्हणून" चालणार नाही. इनॉकनं २०१५ मध्ये याच्याविरुद्ध सणसणीत लिहिलं. तो म्हणतो समंजस कोण हे तुम्हीच ठरवणार, न पटणाऱ्याला असमंजस म्हणून बाहेर काढणार आणि मग म्हणणार बघा सगळ्यांना मान्य आहे. आणि दुसरं, मी जेव्हा म्हणते की मारहाण करणाऱ्या बापापासून पोराला सरकारनं सोडवावं, तेव्हा माझं कारण "मला असं वाटतं की मारणं चूक आहे" हे नसतं. माझं कारण असतं पोराला लागतंय. वाटणं मधे आणलं की तुम्ही विचारणार तुझं वाटणं माझ्यावर का लादतेस. पण मी वाटणं लादतच नाहीये.

इथं मला १८९१ आठवलं, त्या कायद्याच्या वादात रा. गो. भांडारकरांनी काय केलं तर शास्त्रग्रंथातलेच दाखले काढून दाखवलं की मुलगी मोठी होईपर्यंत थांबायला धर्माची आडकाठी नाही. म्हणजे समोरच्याला चालतील अशीच कारणं. आणि टिळकांची बाजू म्हणत होती परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये. दोन्हीकडची माणसं विद्वान, दोन्हीकडं श्लोक. इनॉकच्या चष्म्यातून बघितलं तर प्रश्न पडतो की समजा भांडारकरांना तो दाखला सापडलाच नसता तर? त्या अकरा वर्षांच्या पोरीचं दुखणं श्लोकाची वाट बघत थांबलं होतं का? नव्हतं. याबाबतीत माझं मत पूर्ण त्याच्या बाजूनं आहे.

पण. मी कोर्टातली बाई आहे आणि आमच्याकडं निकालपत्र हे हरलेल्या माणसासाठी लिहिलेलं असतं. जिंकलेला शेवटचं पान वाचतो आणि पेढे आणतो. हरलेला सगळी पानं वाचून घेतो, वकिलाकडून, दोनदा, आणि त्याला त्यात स्वतःचा मुद्दा घेतलेला दिसला की पटला नाही तरी तो गप होतो, दिसला नाही तर आयुष्यभर जळत राहतो. "हे खरं आहे म्हणून" असा एका ओळीचा निकाल बरोबर असला तरी मी त्याच्यावर अपील टाकेन. आणि हे खरं आहे म्हणून असं म्हणणारे सगळेच काही इनॉकसारखे हिशेबी नसतात, बहुतेक जण गळ्यात पट्टा घालून झुंडीनं येतात. त्याचं यावर म्हणणं असं की मग त्यांची चूक ही आहे की ते जे करतायत तेच चूक आहे, समाईक कारणं दिली नाहीत ही त्यांची मुख्य चूक नव्हे, आणि सहिष्णुता, शांतता हीपण नैतिक कारणंच आहेत, ती मोजायला कोण नको म्हणतंय. युक्तिवादात मी त्याला हरवू शकत नाही. पण माझा पाय काही निघत नाही त्या हरलेल्या माणसापासून.

शेवटचा लेख, ज्यानं मला झोप लागू दिली नाही, तो २०२० चा. उदारमतवादी माणसाची एक अडचण असते. माणसाला जे हवंय ते त्याला करू द्यावं हे आपलं तत्त्व. पण अन्यायात वाढलेल्या माणसाला जे हवंसं वाटतं ते अन्यायानंच घडवलेलं असतं, मग ते त्याचं का? तुला खरं काय हवंय ते मला ठाऊक आहे असं म्हणलं की आपण हुकूमशहा, नाही म्हणलं की आपण नामानिराळे. इनॉक म्हणतो त्या इच्छेच्या मुळाशी अन्याय आहे का ते बघा, असेल तर तिचा शब्द तिचा मुखत्यारनामा म्हणून जसाच्या तसा घेता येत नाही. आणि अन्याय आहे का हे सांगायला काहीतरी खरोखर अन्याय असावा लागतो, कोणाला तरी वाटणारा नव्हे. म्हणजे फिरून सगळं पहिल्या पुस्तकाशीच येतं.

माझी आजी सगळ्यात शेवटी जेवायची. पातेल्याच्या तळाची करपलेली भाताची खरवड काढून, वर ताक ओतून, ओट्याला टेकून उभ्यानं. आम्ही म्हणायचो आजी बस की आमच्याबरोबर, तर म्हणायची मला खरवडच आवडते गं, तुम्हाला नाही कळायची तिची चव. आणि आम्ही ते घरातल्या गमतीसारखं सांगायचो, आमच्या आजीला ना खरवड आवडते. आजोबा गेल्यावर ती आमच्याकडं फ्लॅटवर आली, तिथं प्रेशर कुकर, भात खाली लागायचाच नाही. पहिल्या दिवसापासून ती नातवंडांबरोबर टेबलावर बसली, गरम भात, वरण, त्यावर तूप, तेही दोनदा मागून. सात वर्षं राहिली. खरवडीचं नाव तिच्या तोंडून एकदाही आलं नाही, आणि आमच्यातल्या कोणी तिला त्याबद्दल विचारलं नाही. खरंच आवडत होती का, मला अजूनही सांगता येणार नाही. आवडतही असेल. पण आवडते म्हणून आम्ही तिला ती पन्नास वर्षं वाढली, हे आमचं होतं.

आणि आता त्या व्हरांड्यातलं राहिलेलं. मी बाईला म्हणाले होते की हे बघा, तुमच्या सासूबाईंना मी सकाळी विचारलंय, त्या स्वतःच म्हणाल्या मला काही नको, सगळं सुनेच्या नावानं करा, मग तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता, त्यांचीच इच्छा आहे ना. सासू तिथंच चार खुर्च्या सोडून बसली होती, मांडीवर धाकटा झोपलेला, त्याच्या तोंडावर पदर.

"आत्याचं काय घेऊन बसला मॅडम," ती म्हणाली. "त्या जन्मभर नकोच म्हणत आल्यात. म्हणून तर तुमाला इचारतीय."

तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं, भाच्याची पीडीएफ अजून उघडलीसुद्धा नव्हती. तिनंच थोडा वेळ बोटांवर काहीतरी हिशेब केला, मग म्हणाली निम्मं लिहा. मी पुरसीसवर निम्मं लिहिलं, आकड्यात आणि अक्षरात. सासूचा अंगठा घ्यायला गेले तर त्या म्हणाल्या, नको गं बाई एवढं, आणि अंगठा पुढं केला.